मोडीत न गेलेली कळशी

नाशिकच्या भांडीबाजारात जुनं भांडं नेलं की ते आधी काट्यावर जातं. त्यावर कुणाचं नाव घातलंय, हे वाचायचं दुकानदाराला काही कारण नसतं. वजन होतं, मोडीचा भाव लागतो आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढे पैसे वळते होतात. आमच्या घरातलं बहुतेक तांबं-पितळ ह्याच वाटेनं गेलं. स्टेनलेस स्टील घरोघरी येऊ लागलं त्या वर्षांत आईनं, काकूनं, वाड्यातल्या सगळ्याच बायकांनी घंगाळं, पराती, पातेली एकेक करून बाजारात नेली. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पितळेला कल्हई लागते, कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकते, आणि तांबं रोज चिंचेनं घासावं लागतं. ज्यांचे हात वर्षानुवर्षं राखेत आणि चिंचेत गेले, त्यांना स्टीलचं मोल जेवढं कळलं तेवढं आपल्याला कधी कळायचं नाही.

पण त्या मोडीबरोबर घरातून आणखी काय गेलं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही घरात राहिलेल्या भांड्यामुळे नाही. एक कळशी आडात पडली होती, ती सत्तरेक वर्षांनी वर आली, तिच्यामुळे.

आमचा वाडा जुन्या नाशकातला. मधे चौक, चौकाच्या एका कोपऱ्यात आड, चारी बाजूंनी बिऱ्हाडं. वरचा मजला कडीपाटाचा. पावसाळ्याच्या तोंडावर गावठाणातल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा येतात, तशी आम्हालाही येऊ लागली. तोवर बिऱ्हाडं पांगली होती. कुणी सिडकोत, कुणी इंदिरानगरला, कुणी नाशिकरोडला नोटांच्या प्रेसच्या बाजूला. वाडा उतरवायचं ठरलं तेव्हा आड बुजवून टाकावा असंच सगळ्यांचं मत होतं. माझा चुलतभाऊ एकटा अडून बसला. म्हणाला, जिवंत झरा बुजवायचा नाही. गाळ काढू, गच्चीवरचं पाणी त्यात सोडू. त्याच्या त्या हट्टाचे मी आजही मनोमन आभार मानते.

गाळ काढणारे आले. पंपानं पाणी उपसलं. माणूस उतरवण्याआधी त्यांनी दोरीला बांधून पेटता दिवा खाली सोडला. दिवा विझला तर आत हवा नाही, मग कुणी उतरायचं नाही. दिवा तळापर्यंत तेवत गेला. मग घमेल्यांमागून घमेली वर येऊ लागली. काळा, घट्ट, उग्र वासाचा गाळ. चौकात त्याचा ढीग झाला आणि त्यातून वस्तू निघायला लागल्या.

लोखंडाच्या वस्तूंचं काही उरलं नव्हतं. पोहरे, बादल्या, एक मोठं कुलूप, सगळ्यांचे तांबडे गोळे झालेले. हात लावला की पापुद्रे सुटत होते. तांबं-पितळ मात्र शाबूत होतं. लोखंडाचा गंज सुटत जातो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. तांब्यावर जो हिरवा-काळा थर धरतो तो तिथेच चिकटून राहतो आणि आतल्या धातूला सांभाळतो. त्यातून तळाच्या घट्ट गाळात हवा जवळजवळ पोचत नाही. तांबे, लोट्या, फुलपात्रं, एक पूजेची पळी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि थोडी नाणी. नाण्यांत भोकाचे पैसे होते. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा १९४३ मध्ये सरकारनं पैशाच्या मधोमध भोक पाडलं. तेवढंच तांबं वाचलं. माझे वडील लहानपणी ते पैसे करगोट्याला ओवायचे, असं आजी सांगायची.

आडात भांडी पडायचीच. सुंभ कुजायचा, गाठ सुटायची, कप्पीवरून दोर घसरायचा. मग कुणाकडून तरी गळ मागून आणायचा. तीन-चार आकड्यांचा तो लोखंडी गळ दोरीला बांधून तळाशी फिरवायचा, आणि कडी किंवा काठ अडकला की हळूहळू वर घ्यायचा. पुष्कळ वेळा आपलं सोडून शेजाऱ्याचंच भांडं वर यायचं. म्हणून तर भांड्यावर नाव लागायचं. एका आडावर, एका नळावर, एका लग्नाच्या पंगतीत साऱ्या वाड्याची भांडी एकत्र व्हायची. नाव नसेल तर ओळखायची कशी? नाव घालणारा बाजारात दुकानाच्या पायरीशी बसलेला असायचा. टोकदार छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन एकेक टिंब ठोकत तो अक्षर उभं करायचा. पुढे त्याच्या हातात विजेचं यंत्र आलं. पण आडातल्या भांड्यांवरची अक्षरं सगळी टिंबांची होती.

ती कळशी ढिगाच्या कडेला पडली होती. तांब्याची, गळ्याशी चेपलेली, बुडाला चीर गेलेली. मी ती बाजूला घेतली ते केवळ तिचा आकार आवडला म्हणून. घरी आणून चिंचेच्या कोळात भिजवली. खांद्याजवळ टिंबं दिसू लागली, पण वाचता येईनात. मग भावानं सुचवलं तसं पातळ कागद त्यावर धरून वरून पेन्सिल आडवी फिरवली. शिलालेखाचे ठसे घेतात, तसंच ते. कागदावर पांढरी अक्षरं उठत गेली.

चि. सौ. कां. आणि पुढे एक नाव. खाली ‘मामाकडून’. त्याच्याखाली ‘वैशाख शके १८६५’.

शके १८६५ चा वैशाख म्हणजे १९४३ चा मे महिना. आमच्या आजीचं लग्न त्या उन्हाळ्यातलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कळशीवरचं नाव मात्र तिचं नव्हतं. आजीचं नाव लक्ष्मीच्या नावांपैकी एक. रेशनकार्डावर, वाड्याच्या कागदांवर, तिच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर तेच. कळशीवर होतं ते एका नदीचं नाव.

मी कागद घेऊन आत्याकडे गेले. आत्या आता गंगापूर रोडला असते, ऐंशीच्या घरात आहे. चष्मा लावून तिनं तो कागद बराच वेळ बघितला.

“अगं, ही तीच कळशी,” ती म्हणाली. “माझ्या हातून पडली होती. चौथीत होते मी.”

“आणि हे नाव?”

ती काही बोलली नाही. कागद उजेडाकडे धरला, पुन्हा खाली घेतला. मग म्हणाली, “आईचं माहेर तापीकाठचं. माहेरी सगळ्यांत थोरली ती, त्यामुळे मामा-मावशी तिला आक्काच म्हणायचे. फक्त आजोबा, म्हणजे तिचे वडील, वेगळी हाक मारायचे. ते थकलेले, दात गेलेले. मला वाटायचं, ते ‘ताई’ म्हणतात.”

आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत बसलो. मुलीनं लहानपणभर ‘ताई’ म्हणून ऐकलेली हाक तापीकाठच्या बापानं लेकीला दिलेल्या नदीच्या नावाची होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं तिथेच संपलं. सासरी ते कुणी उच्चारलं नाही, माहेरी ‘आक्का’ पुरेसं होतं, आणि तिचे वडील गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. आजीनंही आपणहून कधी सांगितलं नाही. आम्हा नातवंडांना तिनं तिच्या शेतातल्या केळीच्या बागा सांगितल्या, उन्हाळ्यातले खानदेशी मांडे सांगितले, नदीला पाणी चढलं की गावकरी नारळ घेऊन कसे काठावर जायचे तेही सांगितलं. नाव सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही हेही खरं, पण आजीला आणखी एक नाव असेल हे पोराच्या मनात यावं कसं?

त्या मामाचा विचार मी फार करते. युद्धाचं साल, तांब्याला भाव आलेला, सरकार पैशातलं तांबं काढून घेतंय, आणि हा माणूस भाचीसाठी कळशी घडवून घेतो. तिच्यावर नाव घालायला सांगतो ते त्याला ठाऊक असलेलं. ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरं मुलीच्या नावामागे लग्न ठरल्यापासून लग्न लागेपर्यंतच राहतात. तेवढ्याच दिवसांत ते नाव आणि ती बिरुदं एकत्र होती, आणि त्या दिवसांतच नाव घालणाऱ्यानं ती ठोकून ठेवली. कळशी सासरी आली तेव्हा तिच्यावरचं नाव जुनं झालेलं होतं.

कळशी पडली त्या दिवसाची गोष्ट आत्यानं मग सविस्तर सांगितली. दोर सुटला, ‘धप्प’ आवाज झाला आणि ती रडत माजघरात लपली. आजी रागावली नाही. संध्याकाळी बिऱ्हाडकरूंपैकी दोघांनी गळ टाकून पाहिला. एक पोहरा निघाला, शेजारच्यांची लोटी निघाली, कळशी काही लागेना. सगळे म्हणाले, जाऊ द्या, आडातच आहे, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दिसेल. “दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले होते,” आत्या म्हणाली, “आणि आई एकटीच गळ सोडत होती. किती तरी वेळ. मी कडीपाटावरच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, तांब्याची आहे, महाग आहे, म्हणून.”

त्या वेळी ती कळशी निघाली असती तर काय झालं असतं, हे मला स्वच्छ दिसतं. ती रोज घासली गेली असती. राखेनं, चिंचेनं, वीस-पंचवीस वर्षांत टिंबं बुजत गेली असती. आणि मग स्टील आलं तेव्हा तीही इतरांबरोबर काट्यावर चढली असती. आजीच्या लग्नात आलेली बाकीची भांडी तशीच गेली, आत्याला त्यातली काही आठवतात. त्यांच्यावर काय लिहिलं होतं, ते भट्टीत गेलं. जी वापरात होती, जपलेली होती, तिन्ही त्रिकाळ हाताखाली होती, त्यातलं एकही भांडं आज आमच्याकडे नाही. हरवलं होतं तेवढंच हाती लागलं.

आमच्या जिल्ह्यात हे फार मोठ्या प्रमाणावर एकदा घडलेलं आहे. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचं गाव आहे, गोदाकाठचं. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रपाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक लिपीत त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला तेच ब्राह्मी आणि खरोष्ठी लिप्यांत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं, आणि ती नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपला छाप मारला. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं म्हणतात ते चिन्ह. साठ्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर असा दुसरा छाप आहे. पण छाप मारताना खालचा चेहरा पुरता पुसला गेला नाही. टेकडीच्या रेघांतून नहपानाचं नाक डोकावतं, चिन्हाच्या बाजूनं त्याच्या नावाची अक्षरं निसटलेली दिसतात. साठा कुणी पुरला, का पुरला, आणि तो न्यायला परत का आला नाही, हे त्या माणसाबरोबर गेलं. ती नाणी चलनात फिरत राहिली असती तर पुढच्या कुठल्या तरी राजानं ती वितळवली असती. जमिनीत राहिली, म्हणून एका नावावर दुसरं नाव कसं चढवलं गेलं ते आज डोळ्यांनी बघता येतं.

ही नाणी ज्या लढाईची, तिची दुसरी साक्ष पांडवलेण्यांत आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं तो लेख म्हणतो. लेख कोरवून घेणारी ही आई, आणि राजा इतिहासाला ठाऊक आहे तो आईच्या नावानं: गौतमीपुत्र. पांडवलेण्याच्या पायऱ्या मी लहानपणापासून चढत आले आहे. कळशी सापडल्यानंतर गेले तेव्हा त्या लेखासमोर माझा पाय निघेना. आईच्या नावानं ओळखला जाणारा राजा ज्या गावच्या डोंगरावर कोरलेला आहे, त्याच गावात माझ्या आजीचं नाव आडाच्या तळाशी होतं.

गंगेत गेलेलं असं परत येत नाही. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. १९६९, २००८, २०१६, प्रत्येक मोठ्या पुरात पाणी दुतोंड्या मारुतीला वेढून भांडीबाजारात, सराफबाजारात शिरलं, आणि दुकानांतून, घरांतून वाहून गेलेलं पुढे कुठे गेलं कोण जाणे. पूर ओसरल्यावर झारेकरी तेवढे काठच्या गाळाशी दिसतात. सराफांच्या पेढ्यांसमोरची माती पाटीत धुऊन सोन्या-चांदीचा कण शोधणारी ही माणसं. त्यांच्या हाताला जे लागतं त्याचा मालक कधीच कळत नाही, कारण कणावर नाव नसतं. आडाचं तसं नाही. आड घरचा असतो. त्यात पडलेलं जागचं हलत नाही, आणि वर येतं ते ज्यांच्यात पडलं त्यांच्याच पोरा-नातवंडांत.

म्हणून बाकीच्या भांड्यांचंही आम्ही नीट केलं. एकेक धुऊन, ठसे घेऊन, नावं लावून बिऱ्हाडकरूंना फोन केले. काहींना भांड्याचं काही वाटलं नाही, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं. जागा कुठे आहे, तुम्हीच ठेवा. पुण्याच्या एका मुलीनं फोटो तेवढा मागितला, तिच्या पणजीच्या नावाचा. नाशिकरोडहून एक काका स्वतः आले. प्रेसमधून निवृत्त झालेले, काठी टेकत. त्यांच्या आईची लोटी होती. त्यांनी ती हातात घेतली आणि तिच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. काठाला एक छोटा पोचा होता. म्हणाले, हा पोचा माझा, मी हिनं खिळा ठोकला होता, मार खाल्ला होता. चहा घेतला, लोटी पिशवीत घातली, आणि जाताना जिन्याशी थांबून त्यांनी आईचं पूर्ण नाव मोठ्यानं उच्चारलं, वडिलांच्या नावासकट, जसं लोटीवर होतं तसं.

कळशी मी तांबट आळीत घेऊन गेले. तिथे आता हातानं भांडी घडवणारे पूर्वीइतके राहिलेले नाहीत, पण ठोक्यांचा आवाज अजून ऐकू येतो. कारागिरानं बुडाची चीर बघितली, गळ्याचा चेप बघितला. डाग देऊन चीर बुजेल म्हणाला, चेपही निघेल, आणि वर पॉलिश मारून नवी करून देतो म्हणाला. मी म्हटलं, डाग द्या, पॉलिश नको. त्यानं खांद्याजवळचा ठोक्यांचा भाग बोटानं चाचपला आणि न विचारताच म्हणाला, “नाव आहे व्हय? मग नको. पॉलिशनं जातंय ते.” डाग देतानाही त्यानं त्या बाजूला ओलं फडकं गुंडाळून ठेवलं.

कळशी आत्याकडे आहे. तिनं मागितली नव्हती, मीच तिला दिली. तिच्या नातीचं लग्न ठरलंय, आणि त्या मुलीनं नाव बदलणार नसल्याचं आधीच सांगून टाकलंय, ज्यावर घरात थोडी कुरकुर होती. आत्या त्या कुरकुरीत नव्हती असं नाही. परवा तिचा फोन आला. भांडीबाजारात अजून कुणी टिंबांनी नाव घालून देतं का, असं विचारत होती. यंत्राचं नको म्हणाली. एका म्हाताऱ्या माणसाचा पत्ता लागलाय. नातीसाठी तांब्याची कळशी घ्यायची आहे, आणि तिच्यावर तिचं आहे तेच नाव घालायचं आहे.

मला एक सांगायचं आहे. ज्यांच्या माळ्यावर, फडताळात, पोत्यात बांधलेलं जुनं तांबं-पितळ अजून असेल, त्यांनी ते मोडीत द्यायला हरकत नाही. घरं लहान झाली आहेत. पण देण्याआधी भांडं उलटं करून बघा, खांद्याशी, काठाखाली, बुडाशी बघा. अक्षरं पुसट असतील तर कागद धरून पेन्सिल फिरवा. कुणी कुणाला दिलं, कोणत्या सणाला, कोणत्या साली, आणि मुख्य म्हणजे बाईचं नाव, हे आपल्याकडच्या किती घरांत भांड्यांशिवाय दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नाही. जमिनीच्या कागदांवर ती नव्हती, दारावरच्या पाटीवर नव्हती. एक ठसा घ्यायला पाच मिनिटं लागतात.

आमच्या आडातल्या एका फुलपात्राचा मालक अजून सापडलेला नाही. पितळेचं, काठ थोडा फाटलेला. नावाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं ‘बाई’ एवढंच लागतं, मधलं गेलंय. खाली ‘आत्याकडून’ आणि ‘१९५२’ स्पष्ट आहे. वाड्यात त्या सुमारास राहून गेलेल्या कुणाच्या घरी अशा नावाची आजी, पणजी असेल तर त्यांनी येऊन न्यावं. पहिलं अक्षर मी इथे लिहीत नाही. ज्यांचं असेल ते सांगतील.